साहेबाच्या गावची साथसंगत

दांडिया बाजारातल्या आमच्या शेजारच्या वहिनी परवा संध्याकाळी चकल्यांचा डबा घेऊन आल्या, तेव्हाच मी ओळखले की काही काम आहे. सणवार नसताना आमच्या वाड्यात चकल्या उगाच येत नाहीत. मागे त्यांचे चिरंजीव उभे होते. दहावीपर्यंत हे गृहस्थ माझ्याकडे तबला शिकत. कायदा सुरेख वाजवीत आणि तालमीला नेमाने उशिरा येत. पुढे इंजिनियर झाले.

“भाऊजी, याचं मँचेस्टरचं नक्की झालं. पुढच्या महिन्यात निघतोय,” वहिनी म्हणाल्या. “तुम्ही तिकडे तीन वर्षं काढलीत. याला चार गोष्टी सांगा. इंग्रजीची काळजी नाही, शाळाच त्या माध्यमाची. पण ऑफिसातल्या त्या लोकांचा आपल्यावर भरवसा कसा बसायचा, ते काय कुठल्या परीक्षेत येतं?”

मी तासभर बोललो. थंडीचे कपडे, बँकेतले खाते, घरमालकाशी करायचा करार, सगळे सांगून झाले. ते गेल्यावर सुपारी कातरायला बसलो आणि ध्यानात आले, की वहिनींनी जे विचारले होते तेवढेच मी सफाईने टाळले होते. स्वतःची फजिती शिष्यापुढे सांगायला जीभ रेटत नाही. वाचकांपुढे लिहिणे त्या मानाने सोपे. म्हणून हा लेख.

आमचे घर तबल्याचे. आजोबा बडोदा संस्थानच्या कलावंत कारखान्यात होते, आणि माझे वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणत असू, सोळाव्या वर्षी त्याच खात्यात साथीला लागले. नोकरीला पुरती दोन वर्षेही झाली नव्हती, तोच १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. ‘दरबारी तबलजी’ ही ओळख नानांना जन्मभर पुरली. पगार मात्र पुरला नाही. पुढे त्यांनी शिकवण्या केल्या, मीही तेच करतो. मी त्यांना उशिरा झालेला मुलगा, त्यामुळे दरबार मी पाहिला तो त्यांच्या बोलण्यातून.

बडोद्याच्या गवयांना इंग्रजी मुलखाचे वावडे कधीच नव्हते. १८८६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी येथे गायनशाळा काढली, आणि त्यांचे चिरंजीव अलाउद्दीन खाँ लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये जाऊन शिकून आले. मौलाबक्षांचे नातू इनायत खाँ १९१० साली भावंडांना बरोबर घेऊन अमेरिकेस गेले. बडोद्यात जन्मलेला, आजोबांच्या घरी गाण्यात वाढलेला हा वीणावादक. आणि तेथे त्याच्या वाट्याला काम आले ते रूथ सेंट डेनिस या नर्तकीच्या कार्यक्रमांत नाचामागे संगीत पुरवण्याचे. पुढे सूफी गुरू म्हणून त्यांचे नाव पश्चिमेकडे झाले, हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्या पहिल्या दिवसांत परक्या रंगमंचाच्या कडेला बसून, भोवतीच्या माणसांना आपण नेमके कोण वाटतो याचा अंदाज घेत त्यांनी किती संध्याकाळी काढल्या असतील, हा विचार याकुतपुऱ्यावरून रोज जाता-येता मला कधी शिवला नव्हता. इंग्लंडात शिवला.

मी गेलो तो सप्टेंबर २०११ मध्ये. त्या देशात परगण्या-परगण्यात संगीतशिक्षणाचे विभाग असतात, आणि वाद्ये शिकवणारे मास्तर आठवडाभर शाळा-शाळांतून हिंडतात. सोमवारी एक शाळा, मंगळवारी दुसरी. प्रत्येक मुलाला अर्धा तास. शाळेत वाद्यांची खोली बहुधा एकच, आणि ती व्हायोलिनपासून ट्रंपेटपर्यंत सगळ्यांनी वाटून घ्यायची. इंग्लंडच्या मध्यभागातल्या अशा एका विभागात मला तबल्याचे मास्तर म्हणून नेमले. आपली मुले तेथे पुष्कळ, पण माझ्याबरोबर काम करणारे सारे गोरे. इंग्रजी मला बरे येत होते. व्याकरणाची चूक त्या तीन वर्षांत कोणी काढली नाही. ज्या चुका झाल्या त्या व्याकरणाच्या नव्हत्या.

पहिली चहाची. शिक्षकांच्या खोलीत दहा-साडेदहाला कोणी तरी उठे, “कोणाला चहा?” असे सगळ्यांना विचारी, आणि पाच-सहा कप करून आणी. मी प्रत्येक वेळी “हो, थँक यू” म्हणत असे आणि आनंदाने पीत असे. मनात म्हणे, काय ही मंडळी अगत्यशील! तीन आठवडे असे गेले. चौथ्या आठवड्यात शाळेच्या कचेरीतल्या बाईंनी मला बाजूला घेऊन अगदी हसत सांगितले, की कपाटातल्या डब्यात दूध-चहाची वर्गणी टाकायची असते, आणि चहा करण्याची पाळी फिरत असते. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे असे झाले. आपल्याकडे कचेरीत चहा शिपाई आणतो, घरी घरातली बाईमाणसे करतात. मास्तरने उठून किटली लावायची असते हे माझ्या स्वप्नातही नव्हते. दुसऱ्या दिवशी मी उठलो. कोणाला दूध आधी, कोणाला बिनसाखरेचा, कोणाचा कप कोणता, हे एका कागदावर लिहून खिशात ठेवले आणि पाठ केले. कप हा तेथे भारी नाजूक विषय. दुसऱ्याच्या कपातून चहा पिणे म्हणजे आपल्याकडे दुसऱ्याच्या पाटावर जाऊन बसण्यासारखे. शुक्रवारी संध्याकाळी मद्यगृहात जातात तेथेही हाच न्याय: एकाने सगळ्यांचे पेले आणायचे, मग दुसऱ्याने. मी मोसंब्याचा रस पीत असे, पण पाळी चुकवीत नसे. दारू न पिण्याला कोणी नावे ठेवली नाहीत. पाळी चुकवणाऱ्याला ठेवतात, आणि तीही तो गेल्यावर.

दुसरी गोष्ट नावांची. आमचे विभागप्रमुख साठीच्या घरातले गृहस्थ. त्यांना नुसत्या नावाने हाक मारायची! पहिली तीन-चार वेळा मी ‘सर’ म्हटले तेव्हा ते मागे वळून पाहत, की आणखी कोणी आले आहे काय. पुढे नाव घ्यायला शिकलो, पण नानांच्या वयाच्या माणसाला तसे हाकारताना जीभ दर वेळी अडखळे. त्याच वेळी दुसरीकडे माझी जीभ नको तितकी सैल होती. पहिल्याच आठवड्यात एका सहकारी बाईंना मी आपुलकीने विचारले, लग्न झाले आहे का, मुले किती, पगार पुरतो का. आपल्या रावपुऱ्यात एवढे न विचारणारा माणूस शिष्ट ठरेल. बाईंनी हवामानाबद्दल एक वाक्य उच्चारले आणि त्या उठून गेल्या. तेथे ओळख पावसापासून सुरू होते, मग कुत्र्यावर येते, मग बागेवर; घरापर्यंत पोचायला वर्ष लागते. त्यांचे कुत्रे आजारी होते तेव्हा चार आठवडे मी न चुकता त्याची चौकशी केली. त्याने जेवढे काम झाले तेवढे माझ्या तीस वर्षांच्या रियाजाने झाले नाही.

शब्दांचे प्रकरण याहून बिकट. इंग्रज माणूस ‘क्वाइट गुड’ म्हणाला तर ते ‘फार छान’ नव्हे. ‘ठीक आहे, पण’ असा त्याचा अर्थ. ‘इंटरेस्टिंग’ म्हणाला तर बहुधा त्याला पटलेले नाही. ‘मी हे लक्षात ठेवीन’ म्हणाला तर विषय संपला. उलट ‘नॉट बॅड’ ही खरी शाबासकी. माझा आत्येभाऊ न्यू जर्सीत नोकरी करतो. त्याचे म्हणणे, अमेरिकेत याच्या नेमके उलटे. तेथे ‘क्वाइट गुड’ म्हणजे चांगलेच, कौतुक हातचे न राखता करतात, आणि कौतुक आले नाही तर समजावे की काही बिनसले. एकच भाषा, पण ठेका निराळा. आणि आपली मान! समोरचा बोलत असता आपण डोलावतो ती ‘ऐकतो आहे’ म्हणून. ते समजतात ‘कबूल आहे’.

एवढे सगळे मी कोणालाही हसत-हसत सांगतो, सेव-उसळीच्या गाडीवर उभा राहूनही सांगतो. पुढचे सांगत नाही.

मंगळवारच्या शाळेत माझा शेवटचा पाठ दोन ते अडीच. अडीचला त्याच खोलीत चेलो शिकवणाऱ्या बाई येत. पन्नाशीच्या, उंच, कमी बोलणाऱ्या. (नाव लिहीत नाही, हे वर्तमानपत्र त्यांच्यापर्यंत जाण्याचा संभव नसला तरी.) माझा त्या वेळचा विद्यार्थी गुणी होता. आता तुम्हीच सांगा, मुलगा रंगात आला आहे, रेला सुटला आहे, आणि गुरूने घड्याळ पाहून ‘पुरे’ म्हणायचे? नानांच्या तालमीला वेळ नसे. ज्या दिवशी त्यांनी जास्त बसवून घेतले, तो दिवस कृपेचा. मीही त्या मुलाला मनापासून जास्त देत होतो. दोन चाळीस होत, कधी पंचेचाळीस. दार उघडावे तो बाई चेलोची ती माणसाएवढी पेटी धरून बोळात उभ्या. मी म्हणे, “सॉरी, जरा उशीर झाला.” त्या म्हणत, “यू आर ऑल राइट.”

मी त्याचा अर्थ घेतला, ‘चालेल हो’. एवढेच नव्हे, मनात म्हणालो, कलावंताला कलावंताचे मन कळते.

डिसेंबरात त्यांच्या एका विद्यार्थिनीच्या परीक्षेचा निकाल आला. असोसिएटेड बोर्डाची ही वाद्यपरीक्षा तेथे मोठी मानतात. दीडशे गुण, शंभराला उत्तीर्ण. वाजवायच्या तीन चिजांना तीस-तीस, आणि मग सप्तकांना, म्हणजे ते ज्यांना स्केल्स म्हणतात त्यांना, एकवीस. बाकीचे पाहता क्षणी वाजवण्याला आणि कानाच्या परीक्षेला. त्या मुलीला अठ्ठ्याण्णव मिळाले. दोन गुणांनी गेली. चिजा चांगल्या झाल्या होत्या. स्केल्समध्ये एकवीसपैकी दहा.

हे मला कचेरीतल्या त्याच चहाच्या बाईंनी सांगितले. मी हळहळलो, आणि सहज म्हणालो, “अरेरे, बाई तर एवढ्या मन लावून शिकवतात.” त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिले. मग म्हणाल्या, “स्केल्स त्या पाठाच्या पहिल्या दहा मिनिटांत घेतात. आणि सप्टेंबरपासून त्यांची पहिली दहा मिनिटं बोळात जातात.”

“पण त्या तर दर वेळी ‘यू आर ऑल राइट’ म्हणतात!”

“हो,” बाई म्हणाल्या, “आम्ही तसंच म्हणतो.”

मी हिशेब केला. परीक्षेआधीचे दहा मंगळवार, दहा-दहा मिनिटे: शंभर मिनिटे. म्हणजे अर्ध्या तासाचे तीन पाठ आणि वर दहा मिनिटे, जी मी माझ्या विद्यार्थ्याला गुरुकृपा म्हणून दिली, ती दुसऱ्या गुरूच्या विद्यार्थिनीच्या पदरातून काढून. आणि असे म्हणायलाही जागा नाही की आम्हा दरबारी माणसांना घड्याळ ठाऊक नव्हते. सयाजीरावांच्या राज्यात कलावंत खात्याचे नियम १८९९ साली मराठीत छापले गेले होते. गवई-वाजवणाऱ्यांची हजेरी आणि रजा सुद्धा त्या नियमांत बांधलेली. आजोबांनी त्या शिस्तीखाली नोकरी केली. आम्ही नंतर त्यातले मखमली कोट आणि बिदागीच्या गोष्टी तेवढ्या लक्षात ठेवल्या.

पुढच्या मंगळवारी मी बाईंना गाठले. लांबलचक भाषण तयार केले होते. आमच्याकडे गुरु-शिष्य परंपरा कशी असते वगैरे. सोबत घरचा चिवडा नेला होता. बाईंनी सगळे ऐकून घेतले, चिवड्याबद्दल आभार मानले, आणि म्हणाल्या, “डोंट वरी अबाउट इट.” तोवर मला एवढे कळू लागले होते, की याचा अर्थ ‘काळजी करू नका’ असा नाही. भाषण फुकट गेले होते. परंपरेचे पुराण सांगणे म्हणजे माफी मागता मागता स्वतःची आरती ओवाळणे. हे मी घरी जाताना बसमध्ये समजलो.

मग मी भाषणे बंद केली आणि एक लहान घड्याळ विकत आणले. ते डग्ग्याच्या शेजारी ठेवू लागलो. दोन पंचविसाला हात थांबवायचा, मग काय वाटेल ते चालू असो. उरलेल्या पाच मिनिटांत तबला गवसणीत, गालिचा गुंडाळून कोपऱ्यात, चेलोला लागणारी बिनहाताची खुर्ची खिडकीपाशी, समोर कागद ठेवायचे स्टँड. अडीचला दार उघडे. याबद्दल मी चकार शब्द बोललो नाही, त्याही नाहीत. सहा मंगळवार असे गेले. सातव्या मंगळवारी दोन पंचविसाला दारावर टकटक झाली. बाई आत आल्या, त्या खुर्चीवर बसल्या, आणि माझा विद्यार्थी कायद्याची शेवटची पलटी वाजवीत होता ती त्यांनी ऐकली. मग विचारले, “तुम्ही हे मोजता कसं?”

ती मुलगी मात्र परत परीक्षेला बसली नाही. नाताळच्या सुट्टीनंतर तिने चेलोच सोडला. माझ्यामुळे, असे बाई कधी म्हणाल्या नाहीत; पोरे सोडतात, कारणे शंभर असतात. मीही कधी विचारले नाही. विचारले असते तर त्या काय म्हणाल्या असत्या ते मला माहीत आहे, आणि त्यावरून मला काहीच कळले नसते.

फेब्रुवारीत आणखी एक प्रसंग झाला. तेथे मुलांबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकाची पोलिसांकडच्या नोंदींवरून तपासणी होते, खोलीच्या दाराला काचेची चौकट असते, आणि मुलाच्या अंगाला गरजेशिवाय हात लावू नये, लावणे भागच असेल तर आधी विचारावे, असे सुरुवातीलाच सांगतात. मला सांगितले होते. पण डग्ग्यावर मनगट कसे टेकवायचे हे नानांनी मला माझे मनगट धरूनच शिकवले, माझाही हात आपोआप गेला. काचेतून चेलोवाल्या बाईंनी पाहिले. पाठ संपल्यावर त्या म्हणाल्या, “मी हे पाहिलं. यात वावगं काही नव्हतं, हे मला दिसलं. पण मला हे वर कळवावं लागेल. त्याआधी तुम्ही स्वतःच कळवलंत तर बरं.” क्षणभर माझ्या मनात ‘चहाडी’ हा शब्द आला. आपल्याकडे असे वर सांगणारा माणूस मागून जाऊन सांगतो आणि समोर चहा पाजतो. ही बाई समोर उभी राहून, मी काय करणार आहे ते आधी सांगत होती, आणि मला एक वाट मोकळी ठेवीत होती. मी त्याच संध्याकाळी विभागप्रमुखांना कळवले. त्यांनी दोन ओळींचे उत्तर धाडले, आणि प्रकरण तेथे मिटले. तेव्हापासून मी माझा हात मुलाच्या हाताशेजारी ठेवून दाखवू लागलो. शिकायला वेळ जास्त लागतो, पण मुले शिकतात.

त्यानंतर आमचे बोलणे वाढले. बाईंच्या वडिलांकडे येहुदी मेन्युहिन आणि रविशंकर यांची ‘वेस्ट मीट्स ईस्ट’ ही जुनी तबकडी होती. लहानपणी त्यांनी ती झिजेपर्यंत ऐकलेली. मी त्यांना सांगितले, की ही दोस्ती एका दिवसाची नव्हे. मेन्युहिन १९५२ साली हिंदुस्थानात आले तेव्हा रविशंकरांची सतार ऐकून भारावले. दोघे एका मंचावर बसून वाजवू लागले ते १९६६ साली, बाथच्या उत्सवात. तबल्यावर अल्लारखाँ होते. मधली चौदा वर्षे एकमेकांना ऐकण्यात गेली. ठरवून बसवलेली चीज जेव्हा रविशंकरांच्या मनास आली नाही, तेव्हा त्यांनी तसे सांगितले आणि ती फिरवून बांधली. म्हणजे नकार देण्याइतकी ओळख आधी झालेली होती. बाई म्हणाल्या, “मग आपण उन्हाळ्याच्या जलशासाठी काही करू या. चौदा वर्षं नाहीत आपल्याकडे.”

विभागप्रमुखांनी मला त्या जलशासाठी बारा मुले तयार करायला सांगितले होते, आणि मी अर्थातच ‘हो, नक्की’ म्हटले होते. वडीलधाऱ्याला ‘नाही’ कोण म्हणेल? एप्रिलात पाहिले तर जेमतेम सात बसली होती. पूर्वीचा मी असतो तर जुलैपर्यंत ‘होईल, होईल’ म्हणत राहिलो असतो आणि शेवटी आजाऱ्यांची नावे सांगितली असती. या वेळी प्रमुखांच्या खोलीत जाऊन म्हणालो, सात होतील, बारा होणार नाहीत. मला वाटले, आता मान जाणार. ते म्हणाले, “आत्ता सांगितलंत हे बरं झालं,” आणि कागदावर बाराचे सात केले. एवढेच. त्या दिवसापासून मात्र माझ्या ‘हो’ला त्यांनी पुन्हा कधी दोनदा विचारले नाही.

चीज आम्ही दुर्गा रागात बांधली. षड्ज पांढरी दोन धरला, कारण चेलोच्या चार मोकळ्या तारांपैकी दोन मग बाईंना मध्यम आणि पंचम म्हणून आयत्या मिळत, आणि तिसरी तर षड्जच. चौथी तार कोमल निषादाची, तिला दुर्गात काम नाही. तिला बाईंनी ‘सुट्टीवर’ पाठवले. तीनताल. सगळे कागदावर लिहिलेले. शेवटी तिहाई: पाच मात्रांचा तुकडा, एक मात्रा मोकळी, पुन्हा पाच, एक, पुन्हा पाच. सतरावी मात्रा सम. बाई ते आपल्या पद्धतीने चार-चारांच्या घरांत मोजत, प्रत्येक घराच्या पहिल्या मात्रेला घराचा आकडा म्हणत. मी बोटांवर. दोन्ही मोजण्या समेवर एकत्र येतात की नाही, याची तालीम आम्ही महिनाभर केली, रोज शाळा सुटल्यावर, आणि रोज ठरल्या वेळी संपवली.

जलशाच्या दिवशी, जुलै २०१२ मध्ये, शाळेचे सभागृह भरलेले. मुले अशी काही वाजवू लागली की माझे भान गेले. तिहाईची वेळ आली, आणि मी ती घेतलीच नाही. कागद विसरलो, करार विसरलो. मुलांकडे पाहून मान हलवली आणि आणखी एक आवर्तन पुढे गेलो. सवय, दुसरे काय! मुले माझ्या शिकवणीतली, ती खुशाल आली. बाई? मी त्यांच्याकडे पाहिले तेव्हा त्यांची गजाची बाजू तिहाईच्या पहिल्या स्वरावर उतरलेली होती. त्यांनी तो स्वर तसाच लांबवला. मध्यम होता, मोकळ्या तारेवरचा. मग मागची चार घरे पुन्हा वाजवली, कागदाकडे न पाहता, माझ्या हातावर नजर ठेवून. सोळाव्या मात्रेला त्यांनी भुवई उचलली, एवढीशी. आम्ही तिहाई घेतली. समेवर सगळे एकत्र. टाळ्या वाजल्या. लोकांना वाटले, असेच बसवलेले आहे.

साथ करणे हा आमचा तीन पिढ्यांचा धंदा, आणि त्या दिवशी साथ केली ती बाईंनी. पडद्यामागे गेल्याबरोबर, त्यांनी काही म्हणण्याआधी, मी म्हणालो, “चूक माझी. ठरल्याबाहेर गेलो.” या वेळी परंपरा वगैरे काढली नाही. बाई गजाचा ताण सैल करीत होत्या. म्हणाल्या, “आय क्वाइट एंजॉइड इट.”

‘क्वाइट’! घरी येऊन मी त्या शब्दावर अर्धी रात्र काढली.

आणखी दोन वर्षे मी तेथे होतो. आमच्या चिजांची संख्या पाचावर गेली. मंगळवारचे दोन पंचवीस मी कधी मोडले नाहीत. जुलै २०१४ मधला शेवटचा मंगळवार आला. तो गुणी मुलगा आता मोठा झाला होता, त्याचाही माझ्याकडचा तो अखेरचा पाठ. त्याचा हात चालू होता, आणि घड्याळ दोन पंचवीस दाखवीत होते. दार लोटून बाई आत आल्या. मी थांबण्यासाठी हात वर केला. त्यांनी मुलाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि चेलोची पेटी भिंतीला टेकवून म्हणाल्या, “यू आर ऑल राइट.”

त्या दिवशी त्याचा अर्थ खरोखरच ‘चालेल’ असा होता की काय, ते मला आजतागायत कळलेले नाही. मी मुलाला समेवर आणले, गालिचा गुंडाळला, आणि खुर्ची खिडकीपाशी ठेवून बाहेर आलो.